पांढरी सपाट होण्याआधी तिची नोंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बांधाला लागून असलेल्या शेतातले टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरी, उसासाठी सपाट करायला घेतले. दुपारी जेसीबीच्या दातांना अडकून दोन डेऱ्यांचे तुकडे वर आले. एक खापर मी हातात घेतले. तांबडे, वर काळ्या रंगाच्या बारीक तिरप्या रेघा. टिचकी मारली तर खणखणीत वाजले. आतल्या मातीत बोटाएवढी हाडे होती. शेताच्या मालकीणबाई, सत्तरीच्या, जवळ आल्या, बघून म्हणाल्या, "कुणाचं तरी लेकरू हाय हे." त्यांनी मशीन थांबवायला लावले, पदराने ती हाडे पुसली. पण मशीन तासावर भाड्याने आणलेले. संध्याकाळपर्यंत सगळी माती ट्रॉलीने खालच्या वावरात पसरून झाली.

बाईंनी बरोबर ओळखले होते. आमच्याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची माणसे. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली वस्ती तिथे सापडली. मूल दगावले की दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून त्यात त्याला ठेवायचे आणि ते कुंभ घराच्याच जमिनीखाली आडवे पुरायचे, अशी त्या लोकांची रीत होती. लेकरू घराबाहेर जाऊ द्यायचे नाही, ही माया मला तरी सहज समजते. मोठ्या माणसांना उत्तर-दक्षिण निजवून पुरत, मात्र त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. एका माणसाचे पाय तेवढे शाबूत सापडले. त्याला चार पायांच्या, कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवून पुरले होते. तो गावचा कोणी प्रमुख असावा, असे अभ्यासकांचे मत आहे.

शेतकरी म्हणून मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची शेती. जव हे मुख्य पीक. शिवाय गहू, मसूर, कुळीथ. नदीच्या पुराचे पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता आणि दगडमातीचा बांध घातला होता. प्रमुखाचे मानले जाणारे घर पाच खोल्यांचे आणि शेजारीच धान्याचे कोठार. म्हणजे पाणी, बांध आणि कोठार हा आमचा आजचा विषय या शिवारात तीन हजार वर्षांपूर्वीही होताच. पुढे पाऊसमान घटले, तशी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठले, असे उत्खनन करणाऱ्यांनी मांडले. आमच्यासारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे वाचून चैन पडत नाही.

पण इनामगाव हे एक गाव झाले. घोड, भीमा, प्रवरा, गोदावरीच्या काठाने अशी किती टेकाडे आहेत! काळी कसायची आणि पांढरी वसायची, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. शिवारात मधेच राखाडी-पांढरट, भुसभुशीत मातीचा उंचवटा दिसला तर ती जुनी पांढरी. पूर्वी लोक घर सारवायला आणि खत म्हणून तिथली माती टोपल्याने नेत. टोपलीने शंभर वर्षांत जेवढे गेले नसेल तेवढे मशीन एका दिवसात नेते.

म्हणून माझी विनंती उत्खननाची नाही, ते काम वर्षानुवर्षे चालणारे. निदान गावोगाव पाहणी होऊन पांढरीची गटनंबरवार नोंद व्हावी. शेतकरी आज ई-पीक पाहणीत स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचा फोटो चढवतोच. त्यातच 'जुनी पांढरी, खापरे, हाडे' असा एक रकाना दिला तर पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना कुठे जायचे ते घरबसल्या कळेल.

अडचण भीतीची आहे, हेही सांगितले पाहिजे. काही सापडले असे बोलले की सरकार जमीन घेईल, १८७८चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाचा, कायदा लागेल, चौकशी मागे लागेल, असे लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. त्यामुळे सापडलेले खापर गुपचूप विहिरीत जाते. नोंद म्हणजे जमीन जाणे नव्हे, असे शासनाने ग्रामसभेत लेखी द्यावे. पाहणीसाठी काम थांबवावे लागले तर मशीनचे भाडे भरून द्यावे. मी त्या दिवशी एका कार्यालयाला फोन केला होता. "अर्ज लेखी द्या, मग बघू" एवढेच उत्तर मिळाले. लेखी अर्ज पोचेपर्यंत टेकाड राहिले नव्हते.

माझ्या स्वतःच्या शेतात ओढ्याच्या वळणावर असाच दीड-दोन गुंठ्यांचा उंचवटा आहे. पाऊस पडून गेला की त्यावर तांबडी-काळी खापरे उघडी पडतात. तो मी अजून मोडलेला नाही. भोवतीच्या रानात जुलैमध्ये आडसाली उसाची लागण होईल आणि मग आत पाय ठेवायला जागा राहणार नाही. कोणी अभ्यासक मेअखेरपर्यंत आले तर मी स्वतः बरोबर येऊन दाखवीन.

आपला,
एक शेतकरी वाचक, शिरूर तालुका, जि. पुणे