उणे कुठून आलं?

रामबाग, इंदूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीचा प्रश्न फोनवर घाईत आटपण्यासारखा नव्हता, म्हणून सावकाश लिहायला बसलो. |क्ष| म्हणजे क्षचं केवलमूल्य, शून्यापासूनचं त्याचं अंतर; क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष, असं पुस्तक सांगतं. ती विचारते, केवलमूल्य कधी ऋण नसतं ना, मग हे उणे कुठून आलं? फार बरं विचारलंन पोरीनं. माझ्याकडे संध्याकाळी गणिताला येणारी मुलंही नेमकी इथेच अडतात. तिला सांग, क्ष या अक्षराच्या पोटातच उणे असू शकतं. क्ष म्हणजे −७ असेल, तर −क्ष म्हणजे ७. पुढे उणे दिसलं म्हणजे संख्या ऋणच, ही समजूत आधी जायला हवी. ते उणे संख्येला शून्याच्या पलीकडच्या बाजूला नेतं, एवढंच त्याचं काम.

आपला आग्रा-मुंबई रस्ता डोळ्यांपुढे आण. इंदूर शून्य, देवासची बाजू धन, महूची ऋण. महूला जाणारा माणूस उलट दिशेनं निघाला हे खरं, पण किती लांब गेलास असं विचारलं तर ‘उणे वीस किलोमीटर’ असं तो सांगत नाही. शून्यापासूनचं हे अंतर म्हणजे केवलमूल्य. दोन उभ्या रेघांची खूण वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञानं १८४१ साली वापरली; कल्पना तिच्याहून जुनी.

आता गुणाकार. −२ नं गुणायचं म्हणजे दोन कामं करायची: अंतर दुप्पट करायचं आणि बाजू बदलायची. ही दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. बाजू बदलल्यानं अंतर तसूभरही कमीजास्त होत नाही. म्हणूनच |अ × ब| = |अ| × |ब|, चिन्हं कोणतीही असोत. मला हा नियम मनापासून आवडतो. लांबीचा हिशेब एकीकडे, चिन्हांचा दुसरीकडे, आणि दोन्ही अचूक.

चिन्हांचा हिशेब ब्रह्मगुप्तानं ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त लिहून ठेवला आहे: ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन, ऋण आणि धन यांचा ऋण. लेकीनं ‘असं का?’ विचारलं तर पाठ कर म्हणू नकोस. २ + (−२) म्हणजे शून्य, त्याला −३ नं गुणलं तरी शून्यच. कंस सोडवला की पहिला तुकडा −६ येतो. मग बेरीज शून्य व्हायला दुसरा तुकडा, म्हणजे (−३) × (−२), हा ६ असावाच लागतो.

बेरजेत मात्र हे सुख नाही. ५ आणि −८ यांचा गुणाकार −४०, केवलमूल्य ४०, म्हणजे ५ × ८. सरळ. बेरीज −३, केवलमूल्य ३. ५ + ८ म्हणजे १३ नव्हे. बेरजेत दिशा अंतराला खाऊ शकते. म्हणून तिथे फक्त इतकंच म्हणता येतं की |अ + ब| हे |अ| + |ब| पेक्षा मोठं नसतं. मुलं गुणाकाराची सवय बेरजेला लावतात आणि उदाहरण हातचं जातं. |क्ष + ५| = २ घे. |क्ष| + ५ असं फोडलं तर |क्ष| = −३, म्हणजे उत्तरच नाही! वास्तविक क्ष + ५ हे २ किंवा −२, म्हणून क्ष = −३ किंवा −७. दोन उत्तरं डोळ्यांदेखत नाहीशी होतात रे.

अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. लेक पुढे संमिश्र संख्या शिकेल, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक अशा दोन भागांच्या संख्या. त्यांत धन-ऋण अशा दोनच दिशा उरत नाहीत, साऱ्या प्रतलावर दिशाच दिशा. आणि तरी गुणाकाराचा हा नियम टिकतो. केवलमूल्य तिथे दोन भागांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. भाग ३ आणि ४ असतील तर ५; ५ आणि १२ असतील तर १३. या दोन संख्यांचा गुणाकार केला की भाग येतात −३३ आणि ५६. वर्ग १०८९ आणि ३१३६, बेरीज ४२२५, वर्गमूळ ६५. म्हणजे ५ × १३! वर्गांच्या बेरजांचा हा मेळ ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ या रीतीतूनही निघतो, आणि संमिश्र संख्या तर कितीतरी शतकांनी आल्या.

तिला हे सोडवायला दे: |−२क्ष + ६| = १०. आधी −२ बाहेर काढायला सांग, रेघांतून बाहेर येताना तो २ होईल. मग |क्ष − ३| = ५ उरेल, आणि ३ पासून ५ अंतरावर दोन्ही बाजूंना काय आहे ते तिचं तिला सापडेल. उत्तरं ८ आणि −२. आधी सांगू नकोस. पुढचं अडलं की मला थेट फोन करू दे.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच