दोन की एक, तू विचारलंस म्हणून

वडगाव, बेळगाव
मंगळवार, रात्री

प्रिय सुले,

काल फोनवर तू विचारलंस, "आयव्हीएफचे गर्भ पोटात दोन घालायला सांगू की एकच?" आणि मी म्हटलं, पोरं रडताहेत, मग बोलते. पोरं रडत नव्हती गे. दोघंही झोपली होती. उत्तर माझ्याकडे तयार होतं, पण ते सांगताना माझा आवाज फिरला असता आणि तू घाबरली असतीस. म्हणून बसून लिहिते. उद्या भाचा निपाणीला जाणार आहे, त्याच्याकडे देते.

आधी उत्तर सांगते. एकच घाल.

आता तू म्हणशील, हिच्या मांडीवर दोन खेळताहेत आणि ही मला एक म्हणते. तुझ्या सासूबाई तर नक्कीच म्हणतील. मला याच बोलण्याची भीती होती, म्हणून गेली चार वर्षं मी कुणालाच हे सांगितलं नाही. पोरांच्या तोंडाकडे बघून "दोन नको होते" असं कुठली आई म्हणेल? मीही म्हणत नाही. हा नको होता की ही नको होती, असा विचार माझ्या मनात आला तर मला अन्न गोड लागणार नाही. पण तुझा गर्भ अजून घातलेला नाही. तुझ्यापुढे प्रश्न मोकळा आहे, माझ्यापुढे तो कधी आलाच नव्हता. हेच मला सांगायचं आहे.

आमच्या वेळचं तुला मी अर्धंच सांगितलं होतं. सेंटरचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी आमचं वाईट चिंतलं नव्हतं. ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ पोटात घालायच्या दिवशी, सकाळी पाण्याच्या दोन बाटल्या पिऊन मी बसले होते, लघवीची पिशवी भरलेली लागते ना सोनोग्राफीत नीट दिसायला. तशा अवस्थेत काउंटरवरून हाक आली, सही करा. चार पानांचा फॉर्म, एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला कन्नड. तिसऱ्या पानावर एक ओळ होती, किती एंब्रियो, म्हणजे गर्भ, घालायचे त्याची. पुढे रेघ मारून जागा सोडलेली, आणि त्या जागेत निळ्या पेनानं २ लिहिलेलं. आधीच. मी बघितलं तो आकडा. मला वाटलं हा तपासणीचा काहीतरी नंबर असेल. आमचे हे कन्नड वाचतात, सुताच्या व्यापाऱ्यांची सगळी पत्रं तेच वाचतात, पण मागे लोक उभे होते, यांनी सही केली, मी केली. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, दोन छान घातलेत, चान्स चांगला आहे. मी हात जोडले.

चौदाव्या दिवशी बीटा, म्हणजे दिवस गेल्याचं कळायची रक्ततपासणी, आली, आकडा भरपूर. सहा आठवड्यांनी दोन ठोके. सगळ्या वडगावात पेढे वाटले. जो येईल तो म्हणायचा, एका बाळंतपणात सुटलीस, नशीबवान आहेस. मलाही तसंच वाटत होतं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात पाय सुजले. एकतिसाव्यात बीपी चढलं, डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले, लघवीतून प्रोटीन जायला लागलं. बाळांच्या फुप्फुसांसाठी मला दोन दिवस इंजेक्शनं दिली आणि तिसऱ्या दिवशी सिझेरियन. एकाच बाळाचं पोट साधारण एकोणचाळीस-चाळीस आठवडे टिकतं. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त सदतीस आठवड्यांच्या आतच येतात, हे मला त्या खाटेवर पडल्यावर कळलं. जुळं असलं की आईचं बीपी आणि साखर वाढायचा धोकाही वाढतो, हेही तिथेच. आधी कुणी म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं का, ठाऊक नाही. पण म्हणायला तर हवं होतं.

थोरला एक किलो साडेतीनशे ग्रॅम, धाकटी एक किलो शंभर. तू बारशाला आलीस तेव्हा ती बाळसेदार होती, म्हणून तुला ते दिवस दिसले नाहीत. काचेच्या पेटीत ती ठेवलेली, डायपर तिच्या बगलेपर्यंत यायचा. नाकातून नळी पोटात. दर दोन तासांनी मी बाहेरच्या खोलीत बसून दूध काढायचं, आणि सिस्टर त्यातलं दोन मिली सिरिंजमध्ये घ्यायच्या. दोन मिली म्हणजे किती बघायचं असेल तर खोकल्याच्या औषधाच्या झाकणाचा तळ बघ. सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, नळीला जोडायची आणि पोरीच्या वर वीतभर उंच धरून उभं राहायचं. दाबायचं नाही. दूध आपसूक उतरतं, पोटात जागा असेल तितकंच. कधी पाच मिनिटं लागायची, कधी ते तिथंच थांबायचं आणि उलट वर चढायचं. ते वर चढताना दिसलं की माझे हात गार पडायचे. रात्रपाळीच्या एक मावशी सिस्टर होत्या, त्यांना मराठी येत नव्हतं. मला बघून रोज म्हणायच्या, "कूस आराम ऐत्री," म्हणजे बाळ बरं आहे. मला कन्नड तेवढंच नीट येतं अजून.

थोरला चौतीस दिवसांनी घरी आला, धाकटी एकेचाळीस दिवसांनी. यांनी चारपैकी दोन माग विकले. त्या मागांवर शहापुरी साडी निघायची, मामंजींच्या हातचे होते.

आणि धाकटीचे पाय. दीड वर्षाची झाली तरी टाचा टेकेनात, चवड्यावरच उभी राहायची. आम्ही हसायचो, म्हणायचो नाचरी होणार. मग मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेऊन घोट्यात वाकवून बघितला आणि काही बोलल्या नाहीत, नुसतं परत एकदा वाकवून बघितला. फार कमी दिवसांच्या बाळांच्या मेंदूला कधीकधी इजा होते आणि पायांचे स्नायू ताठ राहतात. आता पाय सरळ धरायला बांधायचे स्प्लिंट आहेत, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी आहे. बुद्धीनं तल्लख आहे गे, शंभरपर्यंत आकडे म्हणते. चालेल असं सगळे म्हणतात, आणि चालतेच आहे, भिंत धरून. सगळ्या जुळ्यांचं असं होत नाही. बहुतेक जुळी ठणठणीत असतात, ते खोटं कशाला सांगू. पण एकटी आली असती तर हिला पोटात आणखी आठ आठवडे मिळाले असते, हे माझ्या मनातून जात नाही.

याच डॉक्टरीणबाईंनी मला एकदा कागदावर आकडे मांडून दाखवले, कारण मी विचारलं होतं, एकच घातला असता आणि तो राहिला नसता तर? स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांत एक अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. छत्तीस वर्षांखालच्या ६६१ बायका. अर्ध्यांना एकदम दोन गर्भ घातले. अर्ध्यांना एक घातला, आणि तो राहिला नाही तर नंतर फ्रीज केलेल्यातला एक. दोनवाल्यांत शंभरात साधारण त्रेचाळीस जणींना मूल झालं. एक-एक करून घातलेल्यांत एकोणचाळीस जणींना. चारचा फरक आहे, तो लपवत नाही. पण दोनवाल्या ज्या बाळंत झाल्या त्यांच्यात शंभरात तेहतीस जणींना जुळी-तिळी. एकवाल्यांत शंभरात एकसुद्धा पुरी नाही. तो कागद मी देव्हाऱ्यातल्या पोथीत ठेवलाय. चार आणि तेहतीस. सुले, मी त्या दोन आकड्यांकडे कितीदा बघितलं असेल.

तुझं बघ आता. तू बत्तीसची. तीन ब्लास्टोसिस्ट फ्रीज आहेत, म्हणजे पाचव्या दिवसाचे गर्भ, त्यातले दोन चांगल्या ग्रेडचे म्हणालीस. दुसरा सोबत घातला म्हणून पहिल्याला बळ येत नाही. तो रुजतो की नाही हे बरंचसं त्याच्या स्वतःच्या जडणघडणीवर असतं, ग्रेड चांगली असली तरी आतली गुणसूत्रं बरोबर असतील असं नाही. दोन घातल्यानं चान्स थोडा वाढतो, दुप्पट होत नाही. आणि कधीकधी एकाच गर्भाचे दोन भाग होऊन सारखी जुळी होतात. शंभरात एक-दोन वेळा, पण होतात. म्हणजे दोन घातलेस तर तीनही होऊ शकतात. मग तिथं सांगतात, एक कमी करून देऊ. आठ वर्षं वाट बघितलेल्या बाईला हे ऐकायला लागू नये.

दाजींचं म्हणणं मला कळतं. तंबाखूचे पैसे वर्षातून एकदा येतात, यंदाचे सगळे यात गेले, तुझ्या पाटल्याही गहाण आहेत. दोन घातले की एका खर्चात होईल असं त्यांना वाटतं. त्यांना एवढंच सांग, की पुढचं ट्रान्सफर म्हणजे परत सगळं पहिल्यापासून नाही. पोटातली इंजेक्शनं नाहीत, बीजं काढणं नाही, भूल नाही. गर्भ तर तयार आहेत. गोळ्या घेऊन गर्भपिशवीचं अस्तर जाड करायचं, सोनोग्राफी करायची आणि घालायचा. त्याचा खर्च पूर्ण सायकलच्या मानानं बराच कमी असतो. सेंटरमध्ये आकडा लेखी विचारा, आणि फ्रीजिंगचं वर्षाचं भाडं किती तेही. आणि पेटीतल्या एकेका दिवसाचा खर्च काय असतो ते दाजींनी आमच्या यांना विचारावं. हे सांगतील.

राहिलेले दोन वाया जातील ही भीती तर मनातून काढूनच टाक. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये असतात ते, तिथं त्यांचं वय वाढत नाही. आपल्याकडच्या २०२१ च्या कायद्यात दहा वर्षांपर्यंत ठेवायची मुभा आहे. दोन-तीन वर्षांनी तुझ्या लेकराला भावंड हवं वाटलं तर तेव्हाही बत्तिशीतलेच गर्भ तुझ्या कामी येतील. तुझ्या सासूबाईंना दोन नातवंडं हवीत ना, ती अशीही होतात, एकापाठोपाठ एक. त्यांनी माघात पाच रविवार ज्योतिबाचे खेटे घातलेत तुझ्यासाठी, गुडघे दुखत असताना. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना एक दिवस इकडं घेऊन ये, धाकटीचा व्यायाम चालू असताना बसू दे. मी काही बोलणार नाही.

एक मात्र आहे. हे मी तुझ्यासाठी लिहितेय, सगळ्यांसाठी नाही. माझ्या नणंदेच्या जावेला एक्केचाळिसाव्या वर्षी दोन घातले, आधीची तीन ट्रान्सफर फुकट गेली होती, गर्भही कमी ग्रेडचे होते. तिला दोन घालायचा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. वय वाढलं की हिशेब बदलतो. पण तुझं पहिलंच ट्रान्सफर आहे, तुझ्या आईला बीपी आहे, तुला थायरॉइडची गोळी चालू आहे, आणि तुझा बांधा माझ्याहून बारीक. डॉक्टरांना हे सगळं परत सांग, आणि विचार, माझ्यासारखीला दोन घालायचं कारण काय? त्यांनी खरंच एखादं कारण दिलं तर ऐक. "चान्स वाढतो" एवढंच म्हणाले तर म्हण, जुळ्यांचा किती वाढतो तेही सांगा. तू शाळेत मास्तरांना उलटं विचारायचीस, तशी विचार.

पुढच्या गुरुवारी तुझं ट्रान्सफर, तर आदल्या बुधवारीच ये मुक्कामाला. निपाणीहून सकाळी निघून ट्रान्सफरला पोचायचं म्हणजे हायवेवर जीव टांगणीला, आणि लघवीची पिशवी भरून एसटीत बसणं तर नकोच. खाली गादी घालते, दाजींची माडीवर सोय होईल. धाकटीला सांगितलंय मावशी येणार म्हणून, तेव्हापासून ती तिचे स्प्लिंट स्वतः बांधायला शिकतेय, तुला दाखवायला. वरचा पट्टा जमतो, खालचा अजून नाही.

हे पत्र मी यांना वाचून दाखवलं. फॉर्मचं आलं तिथं ते उठून मागाकडं गेले. थोड्या वेळानं आले आणि म्हणाले, गुरुवारी माग बंद ठेवतो, मी येतो त्यांच्याबरोबर, सगळी पानं वाचून सांगतो, मग सही करू दे तिला. तेव्हा तिथं कुणी घाई केली तर म्हण, आमचे भाऊ वाचताहेत, थांबा.

तुझी
नंदी