तुझी लाल शाई

चिकोडी, रविवार रात्र

प्रिय लंब्या,

दिवाळीपासून तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. चुकलंच माझं. गुडघा आहे तसाच, बाकी ठीक.

लिहितोय ते परवाच्या रात्रपाळीमुळे. कारखान्यात उसाचं गाळप जोरात आहे. नवा पोरगा धावत आला, "सर, एक्झॉस्ट वाफेचा थर्मामीटर गेलाय." दाबाच्या गेजवर दीड किलो, म्हणजे जवळजवळ दीड बार. त्यानं मोबाइलवर वाफेचा तक्ता बघितला, दीड बारला 111 अंश. थर्मामीटर म्हणतोय 126. फिटर पाना घेऊन तयार! मी म्हटलं, बाळा, तक्त्यातला दाब ॲब्सोल्यूट, म्हणजे हवेच्या दाबासकट असतो. गेज तो दाखवत नाही, हवेचा धर की. अडीचच्या जरा खाली बघ. आले 126.

पोरगा हुशार आहे रे. सकाळी विचारतो, "सर, जवळ ठेवायला एखादं छोटं पुस्तक सांगा." तेव्हापासून डोक्यात तेच. पेरीचं केमिकल इंजिनिअरिंगचं हँडबुक 1934 पासून सगळ्यांचा आधार, पण दोन हजारांवर पानं. रात्री दोनला पंपापाशी कोण उघडणार? कर्नच्या पुस्तकानं आपल्याला हीट एक्स्चेंजर शिकवला, पण सगळं बीटीयू आणि फॅरनहाइट असल्या जुन्या एककांत. गेजला चुकणारा पोरगा तिथं बुडेल. वालासच्या पुस्तकातली सुरुवातीची ठोकताळ्यांची पानं मला फार आवडतात, आणि ब्रॅननचं पुस्तक तर प्लँटवरच्या माणसासाठीच लिहिलेलं. तरी भीती वाटते मर्दा. पाइपात पाणी सेकंदाला एक ते तीन मीटर, हे पोरगं पाठ करणार आणि उद्या तोच आकडा दाट मोलॅसिसला लावणार. नियम कुठं चालत नाही, हे जे पुस्तक सांगत नाही ते कितीही छोटं असो, मी देणार नाही.

मग कपाटातून आपलं स्टीम टेबल, वाफेच्या तक्त्यांचं पुस्तक, काढलं. होय, तेच! पहिल्या पानावर तुझी लाल शाई: "गेज असेल तर हवा मिळव, गाढवा." माझं कोरं पुस्तक खराब केलंस म्हणून पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. मेसमध्येसुद्धा पाठ करून बसायचो. परवा ते पान बघून डोळे भरून आले.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीचं ठरलं असं कळलं. तारीख कळव, कुंदा घेऊन येतो.

ब्रॅनन मी मागवतो. स्टीम टेबल मात्र पोराला देऊ का? अर्धं तुझं आहे ते. तू हो म्हणालास तरच देईन.

तुझाच,
बुटक्या