रॉसची सुई आणि अलिबाग

महोदय,

ध्रुवसंशोधकांवरचा रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. स्कॉट आणि शॅकल्टन यांना त्यात रकानेच्या रकाने मिळाले आणि जेम्स क्लार्क रॉसला मात्र एकच ओळ: 'ज्याच्या नावाने रॉस समुद्र ओळखला जातो तो.' आम्हा अलिबागकरांना हे जरा लागले.

1812 साली, बारा वर्षेही पुरी झाली नसताना, हा मुलगा काका जॉन रॉस यांच्या हाताखाली ब्रिटिश नौदलात दाखल झाला. 1829 मध्ये काका-पुतणे 'व्हिक्टरी' जहाजातून उत्तरेला गेले. जहाज बर्फात असे अडकले की चार हिवाळे तिकडेच निघाले. (1833 मध्ये त्यांना ज्या 'इझाबेला'ने वाचवले, ती 1818 च्या मोहिमेतली काकांचीच जुनी बोट!) त्याच मुक्कामात, 1 जून 1831 रोजी, कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या बूथिया द्वीपकल्पावर जेम्सची चुंबकसुई जवळजवळ ओळंब्यासारखी उभी राहिली, कोन 89 अंश 59 मिनिटे. उत्तर चुंबकीय ध्रुव, म्हणजे जिथे सुई थेट खाली जमिनीकडे वळते ती जागा, सापडला. दगड रचून त्यावर निशाण लावले गेले. ध्रुव मात्र तिथे थांबला नाही, तेव्हापासून सरकत सरकत आज सैबेरियाच्या बाजूला गेला आहे.

दक्षिण चुंबकीय ध्रुवही गाठायचा म्हणून 1839 मध्ये तो 'एरेबस' आणि 'टेरर' घेऊन निघाला. जानेवारी 1841 मध्ये आडवे आले पर्वत, पुढे धुमसता ज्वालामुखी आणि मग शेकडो मैलांची बर्फाची सरळसोट भिंत. तो ध्रुव राहिलाच. पुढे कॅनडाच्या उत्तरेकडून जाणारा सागरी मार्ग शोधण्याची जॉन फ्रँकलिनची मोहीम आधी त्याच्याकडे चालून आली होती. पण बायकोला 'आता बर्फात जाणार नाही' असा शब्द दिलेला, म्हणून त्याने नकार दिला. फ्रँकलिन तीच दोन जहाजे घेऊन गेला आणि परतला नाही. 1848 मध्ये त्याला शोधायला मात्र रॉस गेला.

आता अलिबागचे. रॉसची दक्षिण मोहीम एकटी नव्हती. पृथ्वीचे चुंबकत्व जगभर ठरलेल्या दिवशी एकाच वेळी मोजण्याच्या मोठ्या योजनेचा ती भाग होती. हिंदी महासागराच्या दक्षिणेतल्या केर्गेलेन बेटावर मे 1840 मध्ये त्याच्या सुयांनी टिपलेली चुंबकीय खळबळ कॅनडात टोरांटोलाही त्याच वेळी टिपली गेली होती. ईस्ट इंडिया कंपनीने याच योजनेत मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई घेतली. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत ही मोजणी 1841 साली सुरू झाली. आमच्या अलिबागजवळच्या नागावचे गणिती केरूनाना छत्रे ऐन तारुण्यात त्याच वेधशाळेत नोकरीला होते.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडतील म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत आले. ते आजही चालू आहे.

पुरवणीतला ध्रुवमोहिमांचा नकाशा पुन्हा छापाल तेव्हा त्यावर अलिबागचा एक ठिपका द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, अलिबाग