नानांच्या ड्रमसेटला सनमायका लावू नकोस

लेस्टर, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास. नानांचा ड्रमसेट माळ्यावरून खाली काढलाय, सुतार बघून गेला, तडकलेलं पांढरं प्लास्टिक ओरबाडून काढतो आणि वर सनमायका मारून देतो म्हणाला. तू ऑफिसला निघाला होतास म्हणून मी नुसतं हूं हूं केलं. पण तेव्हापासून मला चैन नाही. त्या सुताराला आधी फोन करून थांबव. बाकीचं पत्र मग सावकाश वाच.

तुला आठवतं का, चाळीच्या गणपतीत स्टेजच्या खाली, बरोबर बेस ड्रमच्या समोर आपण दोघं बसायचो? ट्यूबलाइट पडली की ते मोतिया प्लास्टिक शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं चमकायचं. नाना आधी चावी फिरवून एकेक टॉम, म्हणजे सेटमधला छोटा ड्रम, सुरात लावून घ्यायचे, कान अगदी पानाजवळ नेऊन. आणि कावस लॉर्ड, केर्सी लॉर्ड ही नावं निघाली की काठ्या मांडीवर ठेवून कानाच्या पाळीला हात लावायचे. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधला ठेका या बापलेकांनी कसा बदलला हे मी पहिल्यांदा नानांच्याच तोंडून ऐकलं. तो सेट नानांनी मुंबई सोडून निघालेल्या एका गोव्याच्या वादकाकडून हप्त्यांनी घेतला होता. हप्ते फिटेपर्यंत घरात नवा पंखा आला नाही, हे काकूंनीच मला सांगितलेलं.

त्यावरचा पितळी बिल्ला मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. प्रीमियर. आणि बघ, नशिबानं मी येऊन पडलो ते त्याच गावाजवळ. १९२२ साली अल्बर्ट डेला पोर्टा या ड्रमरनं लंडनमध्ये ही कंपनी काढली. १९४०च्या बॉम्बहल्ल्यात तिथला कारखाना गेला आणि सगळं बिऱ्हाड इथं विगस्टनला आलं. माझ्या घरापासून बसनं अर्धा तासही लागत नाही. बीटल्सचा रिंगो १९६३मध्ये लुडविग घेईपर्यंत प्रीमियरच वाजवत होता, आणि द हूचा कीथ मून तर याच ड्रमवर तुटून पडायचा. इथं आल्यावर पहिल्या वर्षी मी मुद्दाम विगस्टनला जाऊन नुसता चालून आलो. नानांचा सेट या रस्त्यावरून बंदराकडं गेला असेल, या विचारानं गळा दाटून आला होता.

गॅरेजमध्ये जुने ड्रम दुरुस्त करायला लागून मला आता सहा वर्षं झाली. सुरुवात फार वाईट झाली, आणि ती तुला सांगितलीच पाहिजे. कुणीतरी घराबाहेर टाकून दिलेला साठच्या दशकातला एक १२ इंची टॉम मी उचलून आणला. नवं १२ इंची हेड, म्हणजे वर ताणायचं पान, मागवलं, तर ते बसेना. अगदी थोडक्यासाठी अडत होतं. मला वाटलं लाकूड फुगलंय. सँडपेपर घेतला आणि दोन संध्याकाळी शेलचा, म्हणजे ड्रमच्या गोल लाकडी अंगाचा, वरचा काठ बाहेरून घासत बसलो. हेड बसलं. पण लाकूड एका बाजूला जास्त गेलं, पान कुठंच सारखं टेकेना, आणि त्या टॉममधून जो आवाज निघाला तो पत्र्याच्या डब्याचा होता.

पुढं काही महिन्यांनी विगस्टनच्या कारखान्यात तरुणपणी काम केलेले एक आजोबा भेटले. मी तो टॉम त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी अंगठ्याचं नख काठावरून गोल फिरवलं, एका जागी थांबले, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग शांतपणे म्हणाले, हा फुगलेला नव्हता, याचं मापच असं होतं. साधारण १९६८पर्यंत प्रीमियरचे टॉम आजच्या मापापेक्षा किंचित मोठे असत. आजचा १२ इंची शेल बाहेरून १२ इंचाला थोडा कमी भरतो, म्हणजे हेडची रिंग मोकळी बसते. जुना शेल भरगच्च १२ भरतो. त्या मापाची हेड आजही मुद्दाम करून मिळतात. एक हेड मागवलं असतं तर काम झालं असतं, आणि मी लाकूड खाऊन बसलो होतो. तो टॉम मी विकला नाही, टाकलाही नाही. गॅरेजच्या दारापाशी टांगलाय. कुणी शिकायला आलं की पहिल्यांदा त्याच्या हातात तो देतो.

आता त्या पांढऱ्या प्लास्टिकबद्दल. त्या काळचं हे मोतिया आवरण म्हणजे सेल्युलॉइड, आणि सेल्युलॉइडमध्ये काय असतं माहीत आहे? नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. खरंच, आपला आरतीचा कापूर! त्याच्यामुळंच ते लवतं, गोल शेलवर बसतं. देव्हाऱ्यातली डबी उघडी राहिली की कापूर जसा उडून जातो, तसा तो या प्लास्टिकमधूनही वर्षानुवर्षं हळूहळू उडतो. मग आवरण आवळतं, ठिसूळ होतं, सांध्यापाशी उकलतं, तडे जातात. पत्र्याखालच्या माळ्यावर, मुंबईच्या उन्हाळ्यात, तीस वर्षं. दुसरं काय होणार होतं? मी पहिल्यांदा एका तुटक्या आवरणाची कड घासली तेव्हा गॅरेजभर कापराचा वास सुटला. मी हातातलं काम ठेवून खाली बसलो. नोव्हेंबरचा पाऊस, बाहेर चार वाजता अंधार, आणि मला चाळीच्या आरतीची ओळ दिसत होती. तुझ्या बाबांच्या हातात ताट होतं.

म्हणून सांगतो, ते आवरण ओरबाडू नकोस. आणि सुतारानं गरम हवेचं यंत्र काढलं तर त्याच्या हातातून काढून घे. हे प्लास्टिक भसकन पेटतं, विझवायला वेळ मिळत नाही. तडे असू देत. तड्यांनी आवाजाला काही होत नाही. जिथं सांधा उकललाय तिथं सध्या नुसती सुती पट्टी गुंडाळून ठेव, म्हणजे कड कशात अडकून मोडणार नाही. पुढचं मी आल्यावर बघू.

तोवर तुला करता येईल असं बरंच आहे. एका रविवारी फक्त एक टॉम उघड, सगळे नकोत. जुनी चादर पसर. उघडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढ. प्रत्येक स्क्रू ज्या घरातला त्या घरात परत जायला हवा, म्हणून अंड्यांच्या पुठ्ठ्यात क्रमानं ठेव. स्क्रू पोलादी आहेत, गंज असेल तर तेलात रात्रभर बुडवून सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशनं घास. स्टँडच्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हातानं फिरव. क्रोम फॉइलपेक्षा कठीण असतं, त्यामुळं गंज निघतो आणि चरे पडत नाहीत.

पण टॉमच्या जाडजूड रिंगा आणि बाजूचे लग, म्हणजे ज्यांत स्क्रू बसतात ते तुकडे, यांना हे काही करायचं नाही. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहेत. वहिनींना सांग, तांब्याची भांडी घासतो तशी चिंच नको, लिंबू नको, व्हिनेगर नको. क्रोमला जिथं बारीक भोक पडलंय तिथून आंबट आत शिरतं आणि खालचं जस्त खातं, मग क्रोमला फोड येतात. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं करायचं. एवढंच.

रिंग निघाली की शेल नुसता हातात घे. आत वर-खाली लाकडाची दोन जाड कडी दिसतील, ती शेलचा गोल धरून ठेवतात. दमट हवेनं कुठं ती सुटली आहेत का ते बोटाच्या पेरानं ठोकून ऐक. चिकटलेल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी पोकळ फडफड. पिकलेलं कलिंगड ओळखतोस ना, तसंच. मग रात्री दिवे घालव, जेवणाच्या टेबलाच्या काचेवर शेल पालथा ठेव आणि आत मोबाइलचा टॉर्च लाव. काठाखालून जिथून प्रकाशाची रेघ बाहेर येईल तिथं काठ खाली दबलेला आहे. तिथं पेन्सिलनं बाहेर नको, आतल्या बाजूला बारीकशी खूण कर. आणि सँडपेपर घरात आणूच नकोस!

दर शनिवारी माझ्याकडं चारपाच जण येतात. एक शाळकरी मुलगी आहे, बस चालवणारा एक गुजराती माणूस आहे, एक बाई आहे जिच्या गेलेल्या भावाचा सेट होता. तो सेट लावायला आम्हाला पूर्ण हिवाळा लागला. आजोबा येतात तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात. कितीही राग आला तरी शिकणाऱ्याच्या हातातलं हत्यार ते घेत नाहीत. हात कोटाच्या खिशात. मला हे फार अवघड जातं. त्या मुलीनं परवा एक लग उलटा बसवला, आणि मी पुढं झालो, तर त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. पाच मिनिटांनी तिचं तिलाच कळलं. ती चूक ती आता जन्मात करणार नाही.

आजोबांचं वय झालंय. त्यांच्याबरोबर काम करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. ते जे नखानं ओळखतात ते कुठल्या पुस्तकात नाही. मी होईल तेवढं हातात उतरवून घेतोय, आणि मला ते मुंबईत कुणाच्या तरी हातात गेलेलं हवंय. आपल्याकडच्या किती घरांत, चर्चच्या हॉलमध्ये, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रांच्या गोदामांत असे सेट पडून असतील! तुझा मुलगा ढोलपथकात आहे म्हणालास ना? त्याला बरोबर घे. पान ओढणं त्याला माहीतच आहे. नानांनी तबलाही शिकलेला होता, त्यामुळं ते टॉम लावताना एक स्क्रू फिरवला की लगेच समोरच्या घराचा फिरवायचे, शेजारचा कधीच नाही. तेच बरोबर आहे. त्याला दाखव.

आता माझं एक काम कर. टॉम उघडलास की उघड्या शेलचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोज, एकदा उभा आणि एकदा आडवा, आणि दोन्ही आकडे मला कळव. पूर्ण १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. तेवढा भरला तर तो जुन्या मापाचा, मग मी इथूनच हेड करून घेतो आणि डिसेंबरात येताना बॅगेत घालून आणतो. फ्लोअर टॉमचंही तसंच माप घे. साइड ड्रमच्या खालच्या तारांच्या जाळीला हात लावू नकोस, ती मी बघेन.

आणि बेस ड्रमच्या पुढच्या पानावर नानांनी स्वतःच्या हातानं रंगवलेलं चाळीच्या मंडळाचं नाव अजून असेल, तर ते पुसू नकोस. ओलं फडकंसुद्धा नको. नुसती धूळ फुंकर मारून उडव आणि फोटो पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू