गोळी थांबवण्याआधी प्रतिपिंडे तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थायरॉइडविषयी वर्तमानपत्रांतून बरंच लिहून येतं, पण ते बहुतेक वेळा थायरॉइड कमी पडणाऱ्यांबद्दल असतं. ज्यांचं थायरॉइड वाढतं, म्हणजे ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवते, त्यांच्या वाट्याला चार ओळीही येत नाहीत. म्हणून हे पत्र.

थायरॉइड वाढण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ग्रेव्हज आजार. डब्लिनच्या डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. छातीत धडधड, हातांना कंप, भरपूर खाऊनही उतरत जाणारं वजन, काहींचे डोळे पुढे येतात. यात ग्रंथीचा स्वतःचा दोष नसतो. पिट्युटरी ग्रंथीकडून येणारं टीएसएच हे हार्मोन थायरॉइडच्या पेशींवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेवर, बसून ग्रंथीला काम सांगतं, तिथे शरीरानेच तयार केलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) जाऊन बसतात आणि ग्रंथी हार्मोन बनवतच राहते. कार्बिमॅझोलची गोळी हे बनणं रोखते. उपचार चालू असताना पुष्कळांची प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात, पण सगळ्यांची होत नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत नेमकं हेच पाहिलं गेलं नाही. दीड वर्ष गोळी झाली, टी३, टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स आणि टीएसएच जागेवर आले, डॉक्टर म्हणाले, "आता बंद करा, बऱ्या झालात." काही महिन्यांत आजार पुन्हा उभा राहिला. रिपोर्ट नॉर्मल होते ते गोळी चालू होती म्हणून. टीएसएच रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे 'ट्रॅब', तेव्हा कुणी तपासलीच नव्हती. तपासली असती तर आजार उलटला नसता असं मी म्हणत नाही. पण आम्ही सावध राहिलो असतो.

साधारण १२ ते १८ महिने गोळ्या घेऊन थांबवल्या, तर जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये आजार परततो, आणि बहुतेकांत तो पहिल्या वर्षातच परततो. थांबवताना ट्रॅब वाढलेलीच असेल तर हा धोका कितीतरी जास्त. गलगंड मोठा असेल, रुग्ण तरुण असेल, सिगारेट ओढत असेल, तरीही तो वाढतो. अशा वेळी कमी मात्रेत गोळी पुढे चालू ठेवता येते, किंवा रेडिओआयोडीन (ग्रंथीचं काम कमी करणारं किरणोत्सर्गी आयोडीन) वा शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. ट्रॅब निगेटिव्ह आली म्हणजे हमी मिळाली असंही नाही, तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

लॅबच्या पॅकेजमध्ये 'अँटी-टीपीओ' असते आणि लोकांना वाटतं, प्रतिपिंडे तपासून झाली. ती चाचणी वेगळी, दुसऱ्या प्रतिपिंडांची. गोळी थांबवावी की नाही, याचं उत्तर तिच्यातून मिळत नाही. आणखी एक: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे थायरॉइड वाढल्याचा आणि ट्रॅब पॉझिटिव्ह असल्याचा खोटा रिपोर्ट येऊ शकतो.

बायकांसाठी ही गोष्ट जास्त जिव्हाळ्याची आहे. ग्रंथी काढून टाकली तरी प्रतिपिंडे रक्तात राहू शकतात. ती वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि बाळाचं थायरॉइड वाढवू शकतात. पूर्वी ग्रेव्हज झालेल्या बाईचा टीएसएच आज चांगला दिसत असला, तरी गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीला तिने जुना आजार सांगितला पाहिजे आणि डॉक्टरांनीही तो विचारला पाहिजे.

ट्रॅब ही टीएसएचपेक्षा महाग चाचणी आहे, हे मान्य. पण ती दर महिन्याला करायची नसते. निदानाच्या वेळी आणि गोळी थांबवण्याआधी, एवढी तरी व्हावी. जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ती गरजू रुग्णांना मोफत मिळावी, अशी आरोग्य खात्याला आपल्या पत्रातून विनंती करते. आणि गोळी थांबवताना केसपेपरवर पुढच्या तपासणीची तारीख लिहून द्यावी. धडधड पुन्हा सुरू झाली तर त्या तारखेची वाट न पाहता लगेच यायचं, हेही रुग्णाला समजावून सांगावं.

कळावे,
आपली एक वाचक, सातारा