ईशाचं रक्त चतुर्थीआधी द्या

हाम्बुर्ग, ३ ऑगस्ट

प्रिय दादा,
सा. नमस्कार.

तुझ्या ओमच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. टीपीपी-१ हे एन्झाइम जवळजवळ नाहीच, जनुकाची तपासणीही तेच सांगते. म्हणजे सीएलएन-२, बॅटन या मुलांच्या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचा एक प्रकार. फोनवर तू एवढंच विचारलंस, "तिथून औषध पाठवशील?" मला बोलवेना, म्हणून लिहिते.

आई चवळीच्या शेंगा टोकाकडून मोडत जाते ना, तसं हे एन्झाइम पेशीत प्रथिनांच्या माळेच्या टोकाचे तीन-तीन मणी तोडतं. ते नसलं की न मोडलेला माल पेशीत साठतो, आणि त्याचा पहिला फटका मेंदूला. ओमचं बोलणं मागे पडलं, मग झटके आले, ते त्यामुळे. ग्रहणाचा किंवा सातेरी देवीच्या कौलाचा यात काही संबंध नाही. आईला हे तूच सांग, माझं ती ऐकायची नाही.

औषध आहे. सर्लिपोनेज अल्फा, म्हणजे तेच एन्झाइम बाहेर बनवलेलं. अमेरिकेत आणि युरोपात २०१७ साली मान्यता मिळाली. पण शिरेतून दिलं तर ते मेंदूत पोचत नाही. म्हणून डोक्याच्या कातडीखाली एक छोटी कुपी बसवून तिची नळी मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत सोडतात. दर दोन आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम, दर वेळी साधारण साडेचार तास. त्या कुपीला जंतुसंसर्गाची भीती असते ती वेगळीच. औषध गोठवून ठेवावं लागतं. गोव्यात साखळी गावाला पार्सल करायची वस्तू नव्हे ती. खर्च वर्षाला काही कोटी.

इथल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत २३ मुलांना ते दिलं, निकाल २०१८ साली छापले. चालणं-बोलणं घसरायचा वेग खूप कमी झाला. गेलेलं परत येईल, अशी आशा मात्र मी तुला दाखवणार नाही. नजरेलाही त्याने आधार मिळत नाही.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मुंबईला केईएममध्ये जा, तिथे दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे. सरकारी धोरणात अशा केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळते. आपला आजार त्यात बसतो का, ते पहिल्याच भेटीत विचार.

आता खरं सांगायचं ते. धाकटी ईशा चौदा महिन्यांची आहे, हसते, धावते, म्हणून तुम्ही गप्प आहात. तुम्हा दोघांकडे या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आहे, त्यामुळे प्रत्येक मुलाला चारात एक धोका. अमेरिकेने २०२४ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांनाही हे औषध द्यायला मान्यता दिली, कारण लक्षणांआधी सुरुवात केली तर वाचवण्यासारखं बरंच शिल्लक असतं. ओमला हे दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर... जाऊ दे.

मामाची मुलगी केलीस म्हणून वहिनीला कोणी बोललं तर मध्ये पड. दोष असलाच तर दोन्ही घरचा अर्धा-अर्धा. सावंतवाडीला मामांना मी स्वतः फोन करते.

गणपतीची माटोळी बांधायच्या गडबडीत ईशाची तपासणी पुढे ढकलू नकोस. थोडंसं रक्त पुरतं. रिपोर्ट पाठवताना आकडे दिसतील असा फोटो काढ, मागच्या वेळी तुझं बोट आलं होतं.

तुझी,
शुभा